स्टीमपंपवाले भोयरभाऊ

वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनं खुणा करणाऱ्या माणसावर मी कधी चार शब्द चांगले लिहीन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच भिंतीवरची नियमांची पाटी मोठ्यानं वाचायला लावली असती. यवतमाळच्या एका जुन्या वाचनालयात मी अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होते. पानाचा कोपरा दुमडणारे, थुंकी लावून पान उलटणारे, शब्दकोडं फाडून घरी नेणारे, सगळ्यांशी मी भांडलेली आहे आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. भोयरभाऊंशीही भांडलेच. पण ते भांडण कसं कोण जाणे बारा वर्षं चाललं. आता ते संपलं, आणि मला करमत नाही.

भोयरभाऊ आमच्याच गल्लीतले, चौथं घर. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत त्यांचं टर्निंगचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे काय, एक लेथ, एक ड्रिल आणि वर पत्रे. कापसाच्या जिनिंगवाल्यांचे शाफ्ट, ट्रॅक्टरची बुशं, जे येईल ते कातून द्यायचे. उंच माणूस, खांदे पुढे आलेले, बोलणं अगदी मोजकं. लोहाऱ्याला लाइन गेली की वर्कशॉपला कुलूप लावून सायकलनं वाचनालयात यायचे, कारण आमच्याकडे इन्व्हर्टर होता आणि पंख्याखाली बसायला पैसे पडत नव्हते. पुस्तकं फक्त चित्रांची बघायचे.

गावातले एक म्हातारे डॉक्टर वारले, तेव्हा त्यांच्या परदेशातल्या मुलानं घरातली सगळी पुस्तकं खोक्यांत भरून आमच्याकडे पाठवून दिली. त्यात एक भलंमोठं इंग्रजी चित्रांचं पुस्तक होतं. ते कुठल्या कपाटात ठेवावं हेच मला कळेना. इतिहास म्हणावा तर त्यातलं काही घडलेलं नाही. विज्ञान म्हणावं तर काही चालत नाही. कपड्यांचं म्हणावं तर पितळेचे चष्मे, उंच टोप्या, टोपीवर घड्याळं आणि बायकांच्या कमरेला चामड्याचे पट्टे, असं नटून यवतमाळात कुणी भाजी आणायला गेलं तर कुत्री मागे लागतील. शेवटी मी ते टेबलावरच ठेवलं. भोयरभाऊंनी ते उघडलं आणि पुढे दोन महिने दुसरं पुस्तक हातात धरलं नाही.

एकदा मी मागून गेले तर हे गृहस्थ पानाला मापाचा कॅलिपर लावून बसलेले. शेजारी पेन्सिल. मी पुस्तक ओढलं. पानोपानी चित्रांतल्या चाकांवर बारीक बारीक फुल्या. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर त्यांना काउंटरपाशी उभं केलं आणि विचारलं की हे काय आहे. ते जराही ओशाळले नाहीत.

"जे चाक फिरू शकत नाही त्याच्यावर फुली मारली, ताई. कोणी तसंच्या तसं बनवाले गेला तं फसन ना तो."

मी त्यांना खोडरबर दिलं आणि सगळ्या फुल्या खोडायला लावल्या. चार दिवस खोडत होते. समोर बसून खोडतात की नाही हे बघायचं म्हणून मी बसले, आणि नुसतं काय बसायचं म्हणून त्यांना त्यातलं इंग्रजी वाचून दाखवायला लागले. माझी हीच खोड. भांडायला जाते आणि शिकवून परत येते.

पुस्तकाच्या पाठीवर स्टीमपंक असा शब्द होता. मी म्हटला तर त्यांनी विचारलं, "पंप?" पंप नाही हो, पंक. त्यांचं लगेच, ते काय राह्यते? आता पंक म्हणजे काय हे मला तरी कुठे धड माहीत होतं. वाया गेलेली पोरं, असं मी ठोकून दिलं. मग सांगितलं की ही सगळी कल्पना आहे. समजा वीज आणि पेट्रोल जगात आलंच नसतं आणि सगळं वाफेवरच चालत राहिलं असतं, तर माणसं कशी राहिली असती, काय घातलं असतं, कशात बसून उडाली असती, अशा गोष्टी लिहितात, सिनेमे काढतात, पोरांचे खेळ बनवतात आणि तसे कपडे घालून मिरवतातही. भाऊंनी खोडणं थांबवून ऐकून घेतलं. त्यांचे वडील जुन्या जिनिंगमध्ये इंजिनाला तेल द्यायला होते. म्हाताऱ्याच्या पोटरीवर वाफेनं भाजलेला पांढरा डाग होता, तो ते लहानपणी हात लावून बघायचे म्हणे.

"वाफ लय भाजते, ताई," ते म्हणाले. "हे लिहिणारे वाफेच्या जोळ गेलेच नसतीन. पण याईच्या मशीनीत एक चांगलं हाय. काय चालून राह्यलं ते बाहेरून दिसते. आजकालच्या मशीनीत सगळं झाकलेलं."

एवढं बोलून ते परत त्याच पानावर गेले, ज्यावर ते दोन महिने अडकले होते. त्या पानावर एका बाईचा कोपरापासून पुढे पितळेचा हात होता.

आता सुमनवहिनींचं सांगायला हवं. भाऊंची बायको. बोलकी, हसरी, गल्लीतल्या कुठल्याही घरी सरळ स्वयंपाकघरात शिरणारी. महागावकडे तिच्या भावाचं शेत. सोयाबीनची मळणी चालू होती, मजूर कमी होते, म्हणून ही मशीनवर उभी राहिली. पेंढीबरोबर उजवा हात आत गेला. जीव वाचला, हात मनगटाच्या वरून गेला. त्यानंतर कुठल्याशा शिबिरात तिला एक रबरी हात मिळाला, कातडीच्या रंगाचा, नखं काढलेला. तो तिनं कपाटावर टाकला होता. म्हणायची, मेलेल्या माणसाचा हात अंगाला लावून कोण बसन.

पण तिचं खरं दुखणं निराळं होतं, आणि ते मला कळलं आमच्याच गल्लीतल्या एका लग्नात. लग्नाआधी बांगड्या भरायचा कार्यक्रम असतो. नसीमआपा मन्यारीण टोपली घेऊन आलेली, सगळ्या सवाष्णी ओळीनं बसलेल्या. वहिनींनी डावा हात पुढे केला. आपानं त्यात हिरव्या बांगड्या भरल्या आणि सवयीनं म्हणाली, दूसरा लाव. मग तिच्या लक्षात आलं. ती ओशाळली आणि घाईघाईनं पुढच्या बाईकडे वळली. तेवढ्यात कोपऱ्यातून एक म्हातारी पुटपुटली की एकाच हातात भरू नये, चांगलं नसते. वहिनी उठून घरी गेल्या.

मी त्यांच्या मागे गेले आणि माझ्या स्वभावाप्रमाणे बोलायला लागले. माझे यजमान गेले तेव्हा बायका यायच्या आत मी स्वतःच बांगड्या काढून डब्यात ठेवल्या होत्या, कुणाला हात लावू दिला नव्हता. म्हणून मला फार शहाणपण. म्हटलं, वहिनी, काचेच्या चार कड्यांत काय ठेवलंय एवढं?  त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुमच्या तुम्ही काढल्या, ताई. माह्या मशीननं नेल्या."

 मग त्यांनी सांगितलं की त्यांना भाकरी थापता आली नाही तरी चालेल, वेणी घालता आली नाही तरी चालेल. पण एकदा चारचौघींत बसून दोन्ही हातांत बांगड्या भरून घ्यायच्या आहेत, आणि जायचं ते तसंच भरल्या हातांनी जायचं आहे.

हे मी भाऊंना सांगितलं नाही. नवरा-बायकोतलं आहे, तीच सांगेल, असं मला वाटलं. तिनं सांगितलं नाही, कारण तिला वाटलं की त्यांना कळतच असेल. आणि भाऊ तिकडे हात बनवायला लागले होते.

पावणेदोन वर्षं लागली. पितळ भंगारातून आणायचे. मोडक्या भिंतीवरच्या घड्याळांची, शिलाई मशीनची, तराजूंची चाकं. खांद्यावरून सायकलच्या ब्रेकची वायर घेतली होती. खांदा उचलला की बोटं मिटायची आणि एक खटका त्यांना धरून ठेवायचा. अधूनमधून ते काहीतरी खिशात घालून वाचनालयात यायचे आणि माझ्या रजिस्टरवर ठेवायचे. तेलाचे डाग पडायचे. मी ओरडायचे. ते म्हणायचे, "फिरवून तं पाहा," आणि मी फिरवून बघायचे.

त्याच काळात एकदा मी दोघांना वाचनालयाच्या संगणकावर तसला एक सिनेमा दाखवला. भाऊ पूर्ण वेळ पडद्याला नाक लावून चाकं मोजत होते आणि दर दहा मिनिटांनी, खोटं हाय, असं म्हणत होते. वहिनींचं लक्ष बायकांच्या कपड्यांकडे. पोट एवढं आवळून जेवत कशा असतील, हे एक. दुसरं म्हणजे, संपल्यावर त्या म्हणाल्या की एवढ्या नटलेल्या बाया, पण एकीच्याही हातात बांगडी नाही. मी भाऊंकडे पाहिलं. ते सिनेमातल्या विमानाचा पंखा कागदावर काढत होते. त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. एरवी माझं तोंड कधी बंद नसतं.

हात तयार झाला तेव्हा गल्लीतली सगळी माणसं भाऊंच्या अंगणात जमली. काय तो हात होता! चकचकीत पितळ, कोपरापर्यंत चामड्याच्या वाद्या आणि मनगटावर, पुस्तकातल्या चित्रासारखी, उघडी अकरा चाकं. आणि अकराच्या अकरा फिरत होती. वहिनींनी खांदा उचलला, बोटं मिटली, कपाची दांडी पकडली, त्या चहा प्यायल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ दाराशी उभे राहून जमिनीकडे बघत होते. त्यांना आनंद झाला की ते जमिनीकडे बघत.

वहिनी आत गेल्या आणि हिरव्या बांगड्यांचा जोड घेऊन आल्या. नसीमआपा तिथेच होती. वहिनींनी मुकाट्यानं पितळेचा हात तिच्या मांडीवर ठेवला. आपानं बांगडी बोटांवर चढवली, आणि ती अंगठ्याच्या मुळाशी अडली. तिनं सवयीनं पंजा दाबला. पितळ ते, दबणार कुठून? मोठी बांगडी घेतली. ती कशीबशी पंजावरून गेली आणि मनगटावरच्या चाकांत अडकून फुटली.

"हात दबता है तो चूडी जाती है, भाऊ," आपा म्हणाली. "ये तो दबताइच नहीं."

भाऊंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बांगडी घालताना हात क्षणभर त्याच्या स्वतःच्या मापाहून लहान व्हावा लागतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. कसं असणार? पुरुषानं कधी बांगडी भरून घेतलीय? ते म्हणाले, हात काढून मागून घालून देतो, पाहिजे तर उघडणारी बांगडी बनवतो. वहिनी म्हणाल्या, राहू द्या. मग लोकांना वाईट वाटू नये म्हणून त्या हसल्या आणि पुन्हा एकदा कप उचलून दाखवला.

त्या हाताचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर टाकला आणि नागपूरहून बोलावणं आलं. तिथे कॉलेजातली मुलं तसले वेश करून जमणार होती, मोठ्या पडद्यांवर तसलेच खेळ खेळणार होती. भाऊ, वहिनी आणि इंग्रजी बोलायला म्हणून मी, अशी वरात एसटीनं गेली. हॉलभर पितळी चष्मे आणि उंच टोप्या. मुलं गोड होती, वाईट नाही म्हणवत. भाऊंना वाकून नमस्कार करत होती. एका मुलाच्या हातमोज्यावर पाच-सहा चाकं होती. भाऊंनी त्याला विचारलं की हे चाक काय करतं. तो म्हणाला, काही नाही काका, चिकटवलंय, छान दिसतं. भाऊंनी मान डोलावली. मला वाटलं ते नाराज झाले. पण थोड्या वेळानं मला म्हणाले, "माह्यंही तसंच झालं, ताई. फिरते, पण दिसाले पायजे म्हणून बाहेर लावलं. आतही लावता आलं असतं."

वहिनींना स्टेजवर चालायला सांगितलं. टोपी घाला म्हणाले, त्यांनी घातली नाही. साध्या सुती लुगड्यात पितळेचा हात घेऊन त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. हॉल उभा राहिला, बक्षीसही मिळालं. परतीच्या गाडीत मी म्हटलं, बघा, किती टाळ्या. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की सगळे हाताकडे बघत होते, माझ्याकडे कोणीच नाही. 

नागपूरचं बक्षीस बघून वर्कशॉपच्या शेजाऱ्यांनी त्यांना हौसेनं पाटी रंगवून दिली. भाऊंनी 'स्टीमपंक' असं कागदावर लिहून दिलं होतं. पेंटर शहाणा. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं चुकलंय, त्यानं सुधारून 'भोयर स्टीमपंप' लिहिलं. आठवड्याभरात महागाव, ढाणकीकडून लोक विहिरीवरचे पंप घेऊन यायला लागले. भाऊ ते पंप दुरुस्त करून द्यायचे. मी म्हटलं, अहो, पाटी तरी बदला. तर म्हणाले, "पंक कोणाच्या वावरात राह्यते, ताई? पंप सगळ्याईच्या वावरात राह्यते." तेव्हापासून गावभर ते स्टीमपंपवाले.

नागपूरहून आल्यावर शेवटी मी त्यांना सांगून टाकलं. लग्नातलं ते सगळं, म्हातारीचं पुटपुटणं, भरल्या हातांनी जायचं. त्यांनी ऐकलं आणि एकच विचारलं, हे मला कधीपासून माहीत होतं. मी सांगितलं.  ते उठून गेले आणि तीन आठवडे वाचनालयात आले नाहीत. आयुष्यात एवढी शरम मला कधी वाटली नव्हती.

नंतर कळलं की ते तीन आठवडे बाजारात नसीमआपाच्या दुकानासमोर बसत होते. हातात कॅलिपर, नजर बायकांच्या हातांवर. पंजा कसा दबतो, अंगठा कुठे जातो, हे बघायला. दोन-तीनदा बायकांनी त्यांना शिव्या घातल्या, एकीच्या नवऱ्यानं कॉलर धरली. शेवटी आपानंच त्यांना समोर बसवलं आणि म्हणाली, देखने से क्या समझता, तेरा हाथ दे. भर बाजारात त्यांनी हात पुढे केला. लेथवर चाळीस वर्षं घासलेला हात तो, घट्टे पडलेला. तीन बांगड्या फुटल्या, रक्त आलं, तेल लावलं, तेव्हा चौथी गेली. लोहाऱ्याचे लोक तिथून जाता-येता दात काढत होते, मिस्त्रीनं हातात बांगड्या भरल्या म्हणून. आपल्याकडे पुरुषाला याहून मोठी शिवी नाही. हा माणूस तसाच हिरवी बांगडी घालून सायकलनं वाचनालयात आला आणि माझ्यासमोर मनगट धरून म्हणाला, "समजलं, ताई. हाडं सरकतात. एकाखाली एक जातात."

 मी फडकं ओलं करून त्यांच्या हातावरचं रक्त पुसलं.

दुसरा हात बनवायला त्यांनी घेतला तो असा की पंजाच्या चार पट्ट्या दाबल्या की एकाखाली एक शिरतील, अंगठा आत वळेल, आणि सोडलं की स्प्रिंगनं पंजा परत उघडेल. चाकं सगळी आत. बाहेरून अगदी गुळगुळीत. नागपूरची मुलं एकदा बघायला आली आणि हिरमुसली. यात काय आहे, नुसती नळी, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांना पहिला हात फार आवडला होता, तर भाऊंनी तो त्यांना देऊन टाकला. अजूनही कुणा ना कुणाच्या वेशावर तो मोबाइलमध्ये मला दिसतो. टोपीवाला कुणीतरी, दोन धडधाकट हातांचा, तो लावून उभा असतो.

पण आता वेळ कमी होता, आणि हे फक्त त्यांना आणि मला माहीत होतं. एकदा काउंटरपाशी बोलता बोलता ते घामाघूम होऊन खाली बसले. मी रिक्षा केली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले हृदय फार अशक्त आहे, काम बंद करा. भाऊंनी घरी सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. मी म्हटलं, आधी एक गोष्ट लपवून बसले होते, आता दुसरीही लपवू? आणि मग जे मनात होतं ते तोंडातून निघूनच गेलं. म्हटलं, अहो, तुम्ही आधी गेलात तर त्या बांगड्या उतरवतीलच ना हे लोक? मग एवढं कशासाठी करताय?

 ते म्हणाले, "मले समजते ते. पण एक दिवाळी तं घालन ना ती."

वर्कशॉप त्यांनी त्याच वर्षी विकलं. लेथ ट्रकवर चढवताना मी बघायला गेले नाही. उरलेलं काम घरी, व्हरांड्यात, हाताच्या कानशीनं केलं. पाच मिनिटं घासायचे, दहा मिनिटं भिंतीला टेकून बसायचे. वहिनींना वाटायचं म्हातारपण. त्या ओरडायच्या की आता पुरे करा, मला नको तो हात. ते ऐकायचे नाहीत. मी रोज चक्कर मारायचे. काही मदत नाही, नुसतं बसायचं. मला राग येत होता, कुणावर ते कळत नव्हतं.

दसऱ्याला हात झाला. या वेळी गल्ली बोलावली नाही. फक्त शेजारच्या चार बायका, मी आणि नसीमआपा. वहिनी मध्ये बसल्या. आधी डावा. मग उजवा. आपानं पितळी पंजा हातात घेतला, जरा चाचपला आणि दाबला. आतून बारीकसा आवाज आला, पंजा मिटला आणि बांगडी सरळ मनगटावर गेली. मग दुसरी. मग तिसरी. आपा म्हणाली, या अल्ला, माझ्या सुनेचा हातही एवढा मऊ नाही. वहिनी हसल्या नाहीत, रडल्या नाहीत, नुसत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसल्या. भाऊ दाराशी उभे होते आणि जमिनीकडे बघत होते.

दिवाळी झाली. संक्रांत झाली. वहिनी हळदीकुंकवाला घरोघर गेल्या, माझ्याकडेही तिळगूळ घेऊन आल्या आणि मुद्दाम उजव्या हातानं दिला. त्यानंतर महिन्याभरानं एका सकाळी भाऊ व्हरांड्यात चहाची वाट बघत बसले होते. चहा आला तेव्हा ते नव्हते.

दुपारपर्यंत त्यांना अंगणात ठेवलं होतं. ढाणकीहून मोठ्या जाऊबाई आलेल्या. या गोष्टी त्यांच्याच हातात असतात. त्यांनी वहिनींना भाऊंच्या पायाशी बसवलं आणि डावा हात धरून दगडावर आपटला. मी पुढे झाले होते, भांडायलाच. शब्द तोंडाशी आले होते. वहिनींनी नुसत्या डोळ्यांनी मला थांबवलं. डाव्या हातातल्या सगळ्या बांगड्या फुटेपर्यंत त्यांनी हूं की चूं केलं नाही.

मग जाऊबाईंनी उजवा हात धरला. वहिनींनी तो ओढून घेतला आणि छातीशी लावला.

"हा राहू द्या, बाई. हा हात माहा नाही. त्याईचा हाय."

जाऊबाईंनी आजूबाजूला पाहिलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अशा हाताचा रिवाज काय असतो, हे तिथे कुणालाच सांगता येईना. कुणीतरी म्हणालं, उशीर होतोय. जाऊबाईंनी हात सोडला आणि पदरानं डोळे पुसले.

माणसांनी भाऊंना उचललं. हार घातलेले, नाकात कापूस, उंच माणूस म्हणून पाय तिरडीच्या बाहेर आलेले. वहिनी दाराच्या चौकटीपर्यंत आल्या आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. डावा रिकामा, त्यावर काचेनं ओरखडलेलं. उजवा भरलेला. माणसं भाऊंना घेऊन गल्लीच्या टोकाला वळली, दिसेनाशी झाली, तरी त्यांनी हात सोडले नाहीत.